कारवान्या, मार्गशीर्षात डोंगरावर चल

प्रिय कारवान्या,

लातूर-नांदेडच्या नव्या वसाहतींत आता हस्की दिसू लागला आहे. निळे डोळे, मानेवर दाट केस, पाठीवर वळलेली शेपटी. संध्याकाळी त्याला फिरवायला आणणारी पोरं त्याच्यावर जीव टाकतात, हे मी रोज पाहतो. हाच कुत्रा का घेतलास, असं विचारलं की उत्तर बहुतेक एकच मिळतं. मोबाईलवर त्या पोरानं बर्फाचा डोंगर पाहिलेला असतो. मैलोन्मैल वस्ती नाही, पायांना रुंद बर्फजोडे बांधून एक माणूस चढतो आहे आणि त्यानं दाबून केलेल्या वाटेवरून त्याचा कुत्रा मागोमाग येतो आहे. दोघांच्याही तोंडातून वाफ निघते आहे. पोराला ते सगळं हवं असतं: थंडी, डोंगर, एकांत आणि बरोबर एक मुका सोबती.

ती ओढ मला समजते, कारण ती मलाही आहे. म्हणूनच हे पत्र हस्कीला न लिहिता तुला लिहितो आहे. त्या पोरांना जे हवं आहे त्यातलं एक बर्फ सोडलं तर बाकी सगळं आपल्याकडे आहे. आणि ज्याच्या सोबतीनं ते मिळू शकतं तो तू, आपला कारवान कुत्रा, याच दोन जिल्ह्यांत, कुठल्या तरी शेतातल्या आखाड्यावर साखळीला बांधलेला आहेस.

आधी बर्फातल्या तुझ्या भाऊबंदांबद्दल बोलतो. त्यांचा मान मोठा आहे आणि तो कमी करून मला तुझा वाढवायचा नाही. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. विमान उडेना, जहाज पोचेना. तेव्हा वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी आळीपाळीनं घसरगाड्या ओढत हजार किलोमीटरांहून लांबचा रस्ता साडेपाच दिवसांत कापला आणि औषध पोचवलं. त्यातला सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्यानं पार केला, शेवटचा बाल्टोनं. त्याआधी १९११ मध्ये आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तोही कुत्र्यांच्या जोरावर. निघताना बावन्न कुत्री होती, परत आली अकरा. उरलेल्यांतली कितीतरी वाटेतच मारून खाल्ली गेली, माणसांनीही आणि कुत्र्यांनीही. ध्रुवाची गोष्ट सांगताना हा भाग सांगायचा राहून जातो.

आणि आपल्या देशातलं, आपल्या आठवणीतलं. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचेनवर साडेएकोणीस हजार फुटांच्या वर एका चौकीवर हिमकडा कोसळला. मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा सुनील सूर्यवंशीही होता. उणे तापमानात, विरळ हवेत, दगडासारख्या घट्ट झालेल्या बर्फावर शोध चालला होता. यंत्रं होती, माणसं होती, आणि डॉट व मिशा ही सैन्याची कुत्री होती. सहाव्या दिवशी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडला. पुढे दिल्लीच्या इस्पितळात ११ फेब्रुवारीला तो गेला. पण इतक्या खोल बर्फाखाली माणूस कुठे आहे हे हुंगून सांगायला त्या उंचीवर कुत्रं उभं होतं, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. डोंगर, बर्फ आणि कुत्रा हे तीन शब्द एकत्र आले की मला तो मोबाईलवरचा डोंगर आठवत नाही, हा आठवतो.

बर्फातल्या कुत्र्याचं शरीरच त्यासाठी घडलेलं असतं. बाहेर राठ केस, आत मऊ लोकर असा दुहेरी थर. झोपताना शेपटी नाकावर ओढून घेतो. पायांत ऊन रक्त नेणारी आणि गार रक्त परत आणणारी नळी एकमेकींना लागून असल्यामुळे येणाऱ्या रक्ताची ऊब परतणाऱ्या रक्ताला मिळते. पंजा गोठत नाही आणि अंगाची उष्णताही वाया जात नाही. आता हेच शरीर मे महिन्यातल्या नांदेडात आणून ठेव. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला. कुत्र्याला तळव्यांपुरता थोडा घाम येतो, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते. फरशीवर पोट टेकून, कूलरसमोर दिवस दिवस धापा टाकणारा हस्की मी पाहिला आहे. त्याचा मालक वाईट नाही. तो स्वतः उकाड्यात झोपतो आणि कूलर कुत्र्याकडे वळवतो. पण ज्या डोंगरासाठी त्यानं तो कुत्रा आणला तो डोंगर त्या कुत्र्याला आयुष्यात दिसणार नाही, आणि त्या मुलालाही त्याच्याबरोबर कधी चढता येणार नाही. दोघंही तिसऱ्या मजल्यावर राहणार.

आपली जमीन पांढरी झालेली मी पाहिली आहे, ती गारपिटीनं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारं गारांनी झाकून गेली होती. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली, झाडांखाली मेलेल्या पाखरांचा खच पडला. आमच्याकडे पांढऱ्या रानाचा अर्थ तो आहे. त्यामुळे मला बर्फ नको. मला आपला हिवाळा हवा आहे आणि त्यात तू हवा आहेस.

तू कोण आहेस हे या पत्राच्या निमित्तानं इतरांनीही वाचावं, म्हणून थोडं सांगतो. कृश अंग, खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब निमुळतं तोंड, उंची दोन फुटांच्या वर. पळताना तुझे चारही पाय एका झेपेत दोनदा जमीन सोडतात. अंगावर आखूड, गुळगुळीत केस असले तर लोक कारवान किंवा कारवानी म्हणतात. कानांवर, शेपटीवर, पायांमागे रेशमी केस असले तर पश्मी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या कुत्र्यांचा तू वंशज, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. कृष्णेच्या पलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी तुझ्या जातीची जोपासना केली, म्हणून तिकडे तू मुधोळ हाउंड. टपाल खात्यानं २००५ मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांतल्या एकावर मुधोळच्या नावानं तूच आहेस. २०१६ पासून मेरठला सैन्याच्या पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात त्याच नावानं तुझं प्रशिक्षण सुरू झालं. आणि ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, तेव्हाही मुधोळचं नाव आलं. त्याच भाषणात आपल्या शेजारच्या बीड पोलिसांनी त्यांच्या रॉकी या कुत्र्याला दिलेल्या अखेरच्या निरोपाचाही उल्लेख होता.

या सगळ्यात लातूरचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव तुझ्यामुळे ओळखलं जातं. तिथल्या आणि आसपासच्या घरांनी तुला जपलं ते कुठल्या संस्थानाच्या खजिन्यातून नव्हे, तर स्वतःच्या भाकरीतून. दुष्काळात माणसांना पाणी टँकरनं येत होतं तेव्हाही तुझ्या पुढ्यातली जर्मनची थाळी कोरडी राहू दिली नाही अशी घरं मला माहीत आहेत. जात टिकली ती त्यांच्यामुळे.

पण टिकून तू आता करतोस काय, हा प्रश्न आहे, आणि तो अवघड आहे.

तुझं काम शिकारीचं. नाक जमिनीला लावून माग काढणारा तू नव्हेस. तू नजरेनं हेरतोस आणि धावून गाठतोस. ससा, काळवीट, कोल्हा यांच्यामागे पळण्यासाठीच शतकानुशतकं तुझी निवड होत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते काम संपवलं, आणि ते संपायलाच हवं होतं. आमच्या माळांवर काळविटांचे जे कळप उरले आहेत ते त्या कायद्यामुळे. तरीही चोरून सशामागे कुत्री सोडली जातात, त्याच्या चित्रफिती अभिमानानं फिरतात. त्यात तुझी चपळाई बघून लोक वाहवा करतात. मी ती पाहू शकत नाही. त्यात तुझा काही दोष नाही. तुला सोडणाऱ्याचा आहे, आणि पाहून टाळ्या वाजवणाऱ्याचाही.

मग उरतं काय? साखळी. पहाऱ्याला म्हणून आखाड्यावर बांधून ठेवणं. पिल्लांचे भाव. प्रदर्शनातला चषक. प्रदर्शनाला माझा विरोध नाही. चांगला नर कुठे आहे, मादी कुठे आहे हे लोकांना तिथेच कळतं आणि रक्ताची भेसळ थांबते. पण वर्षातला एक दिवस गोल रिंगणात मिरवायचं आणि बाकीचे सगळे दिवस सहा हात साखळीच्या टोकाला बसायचं, याला तुझं आयुष्य म्हणता येत नाही. तुझ्या मांड्यांचे स्नायू सैल पडतात. नखं वाढतात, कारण ती घासली जातील इतकं तू चालतच नाहीस. आणि डोळे, जे मैलभर लांबचं हलणारं गवत टिपण्यासाठी आहेत, ते समोरच्या पत्र्याच्या भिंतीवर लागून राहतात.

यावर माझं म्हणणं एवढंच आहे: तुला डोंगर द्यावा. हिवाळ्यात, पहाटे, दोरीला धरून, माणसाच्या सोबतीनं.

डोंगर म्हटलं की लोकांना सह्याद्रीचे कडे आठवतात आणि लातूरकडे कोणी बघत नाही. पण सह्याद्रीपासून फुटलेली बालाघाटची रांग नगर, बीड, धाराशिव ओलांडून आपल्याकडे येते आणि नांदेडापर्यंत जाते. ती उंच नाही. सपाट माथ्याची, मुरमाड, बाभळी-हिवराची, मधेच एखादी टेकडी एकटी उभी असलेली. आपण तिला बेट म्हणतो. उदगीर तालुक्यातलं देवर्जनजवळचं हत्तीबेट, चाकूर तालुक्यातलं वनौषधींचं वडवळ नागनाथचं बेट. हत्तीबेटावर कातळात कोरलेल्या गुहा आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्यांनी याच बेटाचा आसरा घेतला होता. गर्दीचे चार दिवस सोडले तर पहाटे तिथे कुणीही नसतं. एकांतासाठी परदेशी जावं लागत नाही.

डिसेंबर अखेरची एक पहाट सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते तुला आणि तुझ्या मालकाला कळेल. पारा दहाच्या खाली उतरलेला. पायथ्याच्या शेतांत तूर वाळत आलेली, ज्वारीची कणसं हुरड्यावर आलेली, करडईला काटे धरलेले. हरभऱ्यातून गेलं की दवानं पोटऱ्या भिजतात आणि त्या दवात उतरलेली आंब कातडीला चुरचुरते. तुझे पाय उतरल्यावर साध्या पाण्यानं धुवावे लागतात ते त्यासाठीच. काळ्या रानातून जाताना भेगांकडे बघायचं. या दिवसांत त्या रुंद झालेल्या असतात आणि तुझा बारीक पाय सहज आत जातो. बर्फात चालणाऱ्याला बर्फाखालच्या पोकळीची भीती असते, आपल्याला ही.

चढण लागली की गवत सुरू होतं. पावसाळ्यात वाढलेलं आता वाळलेलं, कुसळांनी भरलेलं. बर्फाळ मुलखात कुत्र्याच्या बोटांमध्ये बर्फाचे गोळे जमतात आणि दर थोड्या वेळानं ते काढावे लागतात. आपल्याकडे त्या जागी कुसळं शिरतात. ती टोकानं आत जातात आणि उलटी येत नाहीत. बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानात. पश्मीच्या केसाळ कानांत तर हमखास. कानात कुसळ गेलं की कुत्रं डोकं झटकत राहतं आणि मालकाला वाटतं खाज आहे. पिकून पू झाल्यावर डॉक्टरकडे धावतात. म्हणून खिशात चिमटा हवा आणि दर अर्ध्या-पाऊण तासानं थांबून पंजे तपासायला हवेत. पंजे तपासताना तू मान माझ्या खांद्यावर टाकतोस, ते थांबणं मला चालण्याइतकंच आवडतं.

थंडीचंही तुझ्या बाबतीत जपावं लागतं. तुझ्या अंगावर ना लोकर ना चरबी. चालतोस तोवर ठीक, थांबलास की थरथरतोस. जुन्या वाकळेचा तुकडा कापून, पोटाखाली दोन बंद लावून झूल शिवली की काम भागतं. उतरताना ऊन चढलं की ती काढायची. दुकानातून काही आणावं लागत नाही.

वर पोचल्यावर तू जे करतोस ते पाहण्यासाठी मी डोंगर चढतो, असं म्हटलं तरी चालेल. तू बसत नाहीस. कड्याच्या काठापासून थोडा आत उभा राहतोस आणि बघतोस. खालच्या धुक्यातून देवर्जनच्या तलावाचं पाणी हळूहळू उघडं पडतं. दूर धनगराचा कळप निघालेला असतो, त्याच्या कुत्र्यांच्या गळ्यात लांडग्यापासून बचावाला खिळ्यांचे पट्टे. मला तो कळप दिसायच्या कितीतरी आधी तुझे कान तिकडे झालेले असतात. मी तुझ्या नजरेच्या रेषेत बघायला शिकलो. एरवी मी डोंगरावर चढलो की पाणी पितो, मोबाईल काढतो, उतरतो. तुझ्याबरोबर नुसतं उभं राहता येतं. तुझ्या शरीरात ते सगळं जुनं कसब जागं होतं, मैलभराचं शिवार डोळ्यांत येतं, आणि कुणाचाही जीव जात नाही. शिकारीतलं जे घेण्यासारखं होतं ते इथे वर उरतं.

मार्गशीर्षातच हे सगळं का, याला आणखी एक कारण आहे. मार्गशीर्ष हा आपल्याकडे कुत्र्यांचा महिना आहे, आणि हे मी मनानं जोडत नाही. शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी, खंडोबाची. घोड्यावरचा खंडोबा आणि त्याच्याबरोबर धावणारं कुत्रं आपल्या टाकांवर कोरलेलं असतं. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या त्या इवल्या पत्र्यावरही कारागीर कुत्र्याला वगळत नाही. पौर्णिमेला दत्तजयंती. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, आणि ती चार वेद आहेत असं आपण मुलांना सांगतो. त्या दत्ताचं शिखर आपल्याच नांदेड जिल्ह्यात, माहूरला. देव कोल्हापुरात भिक्षा मागतो आणि निद्रेला माहूरच्या डोंगरावर येतो, ही श्रद्धा किती जुनी आहे! कधी हिवाळ्यात संध्याकाळी दत्तशिखरावर उभं राहून बघावं. खाली सागाचं रान, पैनगंगेचं वळण, रेणुकेचा डोंगर समोर, आणि गार वारा. दिवसभर फिरून देव या डोंगरावर परततो तेव्हा त्याच्याबरोबर कोण असतं? कुत्रीच असतात.

मग वद्य चतुर्दशीला माळेगावची यात्रा. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात. खंडोबाची देवस्वारी निघते, घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार भरतो, आणि जिल्हा परिषदेच्या प्रदर्शनांत घोडे-कोंबड्यांबरोबर श्वानांचंही प्रदर्शन असतं. तिथे तू दिमाखात उभा असतोस. राहुटीत रात्रीच्या थंडीत तुझा मालक स्वतःची घोंगडी तुझ्यावर टाकून शेकोटीशी बसलेला मी पाहिला आहे. तुझ्यावर माणसं किती प्रेम करतात हे त्या रात्री कळतं, आणि म्हणूनच साखळीचा मला जास्त राग येतो.

आणि दुसऱ्या दिवशी अमावस्या. आपली येळवस. लातूर शहर त्या दिवशी रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा होते, मग रानभर आंबील शिंपडतात. लहानपणापासून मी ते पाच दगड पाहत आलो. पुढे महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व वाचलं. सगळं राज्य सोडून पाच भाऊ आणि द्रौपदी हिमालयाकडे निघाले. वाटेत एक कुत्रं मागे लागलं. त्या डोंगरात आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. शेवटी धर्मराज आणि कुत्रं, दोघंच उरले. इंद्र रथ घेऊन आला, म्हणाला, कुत्र्याला सोड आणि चल. धर्मराज म्हणाला, सोबत आलेल्याला सोडणार नाही. त्या कुत्र्याच्या रूपात धर्मच चालत होता हे नंतर कळलं. नकार दिला तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हतं. म्हणजे मोबाईलवरच्या डोंगराच्या हजारो वर्षं आधी, बर्फाच्या उजाड डोंगरावर कुत्र्यासोबत चालण्याची गोष्ट आपल्या माणसांनी सांगून ठेवली आहे. आणि शेवटपर्यंत जे कुत्रं चाललं त्याचा दगड कोपीत नाही. आमच्या शेतात यंदा सहावा दगड मांडावा असं मी घरी बोललो आहे. आईनं लगेच हो म्हटलं. चुलत्यांना विचारायचं आहे.

आता तुझ्या मालकांना उद्देशून काही, कारण पत्र उघडं आहे आणि ते वाचतील.

डोंगरावर कुत्रा मोकळा सोडायचा नाही. कारवान तर नाहीच. समोरून ससा उठला की त्याला हाक ऐकू येत नाही. हा त्याचा हट्टीपणा नाही, त्याचं घडणंच तसं आहे. त्याची मान डोक्यापेक्षा रुंद असते, साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून रुंद, मऊ पट्टा आणि चांगली लांब दोरी. अभयारण्यात न्यायचंच नाही. माहूर-किनवटकडच्या मित्रांनी हे जास्त पाळावं, तिकडे रान खरं आहे आणि पैनगंगेचं अभयारण्य लगत आहे. लसी पूर्ण असल्याशिवाय कुठल्याही टेकडीवर नेऊ नये. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह थोड्या दिवसांत मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हाच रोग आपल्या कुत्र्यांत असतो. आपल्याकडे सिंह नाहीत, पण कोल्हे आहेत, खोकड आहे, लांडगा अजून आहे. त्यांना कोण लस देणार? आपण आपल्या कुत्र्याला देऊ शकतो. आणि धनगराचा कळप दिसला की दोरी आखडून वाट सोडून बाजूला थांबायचं. त्या रानावर त्यांचा आणि त्यांच्या कुत्र्यांचा हक्क आपल्या आधीचा आहे.

ज्यांच्या घरी हस्की आधीच आला आहे त्यांना मी दोष देत नाही. त्याला जपा, उन्हाळ्यात गारव्यात ठेवा, केस मुंडू नका, हिवाळ्यात पहाटे त्यालाही न्या. पण नवं पिल्लू घेणार असाल, आणि मनात डोंगर असेल, तर एकदा जानवळला जाऊन या. चारचौघांच्या घरी पिल्लं बघा, त्यांच्या आईला पळताना बघा. मोठं झालेलं, कुणाला नको असलेलं कुत्रं मिळालं तर तेच घ्या. शर्यतीत मागे पडलं, प्रदर्शनात बसलं नाही म्हणून बांधून ठेवलेली कितीतरी आहेत. त्यांना चालायला तेवढंच येतं जेवढं चषकवाल्याला येतं.

कारवान्या, तुझ्याशी बोलता बोलता मी तुझ्या मालकांशीच जास्त बोललो. तुला माझी सगळी भाषा कळते असं मी मानत नाही. दोरी हातात घेतली की तू उठतोस, एवढं कळतं, आणि मला तेवढं पुरतं.

यंदा पौर्णिमा झाली की पहिल्या रविवारी वडवळच्या बेटावर जायचं ठरलं आहे. उजाडायच्या आत पायथ्याशी पोचू, ऊन तापायच्या आत उतरू. पाणी, तुझी थाळी, चिमटा आणि झूल मी घेतो. भाकरीही दोघांपुरती बांधून घेतो. तुझ्या मालकाला एवढंच सांग की साखळी आखाड्यावर राहू दे आणि पट्टा नीट बघून दे.

तुझा,
बालाघाटातला एक वाटसरू